पॅसेजचा पिवळा रंग

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही, कोणी पळूनही गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो, आणि जे त्यांच्या कानावर जायला नको तेवढं त्यांना नेमकं ऐकू येतं. उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. कपडे आल्टर करणारी बाई म्हटलं की पोस्टमन बरोबर आणून देतो.

आम्ही टेस्ट ट्यूबचं पुन्हा एकदा करायचं ठरवलं आहे. मागच्या वेळचं तुम्हाला माहीत आहेच. हे शेवटचं, असं मी स्वतःला बजावलं आहे. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. यश येणं न येणं एकाच गोष्टीवर नसतं म्हणाल्या. बाईचं वय सगळ्यात मोठं, कारण बीज तिच्याच वयाचं असतं. मी अडतीस ओलांडली. मग वजन, थायरॉइड, गर्भाशयाचं अस्तर, आणि पुरुषाचं बीज. एवढं सांगून त्या तुमच्या भावाकडे वळल्या. "तुम्ही काय काम करता?" हे म्हणाले, "रंगारी." लगेच फर्मान निघालं. तंबाखू बंद, आणि ऑइलपेंट, थिनर, स्प्रे यांना तीन महिने हात लावायचा नाही. त्या वाफेने पुरुषाचं बीज बिघडतं म्हणे.

यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ऑइलपेंट म्हणजे यांचा जीव की प्राण. पाण्याच्या रंगाला हे रंग म्हणतच नाहीत, "भिंतीला अंघोळ घालणं" म्हणतात. पण ऐकलं. आता तीन महिने होत आले, फक्त भिंतींना अंघोळी घालत फिरतायत. कामं अर्धी झाली, चिडचिड दुप्पट झाली. तंबाखूची डबी मी बटणं ठेवायला घेतली आहे.

आणखी एक गंमत सांगते. बीजं काढायच्या दिवशी अत्तर, पावडर, वासाचं तेल, काही लावून यायचं नाही. आत लॅबमध्ये ज्या बाई काम करतात त्यासुद्धा कधी काही लावत नाहीत. काचेच्या बशीतल्या गर्भांना वास सोसत नाही. जन्माआधीच एवढे नखरे, तर पुढे काय दिवे लावणार, असं हे म्हणतात. म्हणताना मात्र हसू दाबत होते.

मला भीती वाटते, वन्सं. यांच्यासमोर म्हणत नाही. तुम्हाला सांगितलं म्हणजे जरा कमी होईल असं वाटलं.

तुमची,
सुई


१७ जानेवारी

सुई,

तुझ्या लग्नात तुला हे नाव मी ठेवलं, ते किती बरोबर होतं बघ. बारीक, सरळ, आणि टोचून गोष्ट सांगणारी. पत्र वाचून वसतिगृहाच्या कचेरीत मी एकटीच हसले, तर बाहेरच्या पोरी घाबरल्या. वॉर्डन हसते म्हणजे कोणाची तरी खैर नाही असा इथे समज आहे.

मी लग्न केलं नाही, मूल नाही, तेव्हा या विषयावर सल्ला द्यायची माझी पात्रता शंभर टक्के. तर ऐक. नीट जेव, झोप, आणि दुकानात मशीनवर वाकून बसतेस ते कमी कर. लोकांच्या पँटी महिनाभर लांब राहिल्या तर जग बुडत नाही. आईला काही सांगू नकोस. आपल्या घरात दोष नेहमी बाहेरून आलेल्या माणसातच असतो, हे तुला आता नव्याने सांगायला नको.

वासाचं तू लिहिलंस ते मला मुळीच खोटं वाटत नाही. इथे एका पोरीने नेलपॉलिशची बाटली उघडली की तीन खोल्या सोडून मला कळतं. त्यांना वाटतं वॉर्डनला कोणी तरी चहाडी करतं. चहाडी कसली, वास दाराच्या फटीतून स्वतः चालत येतो. आणि मी घर सोडलं तेव्हा तुझ्या नवऱ्याने माझी ट्रंक रंगवून दिली होती, आठवतं का? निळी, चकचकीत. त्याला वाटलं ताईला भेट. माझे कपडे पुढे महिनाभर रंगाच्या दुकानासारखे येत होते. मी त्याला कधी बोलले नाही. तो काही द्यायला लागला की मन लावून देतो, मागचापुढचा विचार न करता.

भीती वाटते तर वाटू दे. इकडे पाठवत जा, माझ्याकडे जागा आहे.

वन्सं


८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

झालं. काल गर्भ आत सोडले. आज घरी पडून आहे, सासूबाईंना पाठ धरली म्हणून सांगितलंय. त्यांनी शेकायला पिशवी दिली. ती उशाशी घेऊन लिहिते आहे.

पहिल्यापासून सांगते. गेल्या शुक्रवारी बीजं काढली. डॉक्टरीणबाई खूश होत्या, तुमच्या वयाच्या मानाने छान आहेत म्हणाल्या. त्याच दिवशी यांनीही आपलं दिलं. शनिवारी लॅबच्या बाईंचा फोन आला, बहुतेक सगळी फळली, वाढ चांगली आहे. मी मोरीत जाऊन रडले. हे बाहेर शिट्टी वाजवत होते.

यांच्या शिट्टीचं कारण वेगळंही होतं. शुक्रवारी बाहेर आल्याआल्या म्हणाले, "माझं काम झालं. माझं पथ्य सुटलं." दवाखान्याच्या मॅनेजरने यांना आधीच गाठलं होतं. सोमवारी कोणी मोठे पाहुणे डॉक्टर येणार, पॅसेजच्या भिंतींचे पोपडे उडालेले, डॉक्टरीणबाई परगावी, शनिवार-रविवार दवाखाना रिकामा. हे म्हणाले मजुरी नको, ज्या जागेने आपल्याला मूल द्यायचं तिथे आपला हात लागलेला बरा. दोन दिवस एकट्याने घासून, पुट्टी भरून, रंग दिला. फिकट पिवळा. मला आधी डब्याचं झाकण दाखवायला घेऊन आले होते. म्हणाले, पोर डोळे उघडून बघेल तेव्हा असाच रंग दिसावा.

काल मी तो पाहिला. वन्सं, काय सुंदर काम केलंय. भिंतीत तोंड दिसतं. आमच्याच आठवड्यात एका शिक्षिकेचं होतं, माझ्याशेजारी बाकावर बसायची. एक्केचाळीस वर्षांची, हातात कायम तपासायच्या वह्या. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "किती छान रंग आहे. बरं वाटतं बघून." मी सांगणार होते, माझ्या नवऱ्याने दिलाय. पण तेवढ्यात तिला आत बोलावलं.

आत सोडायला मात्र दोनच निघाले. डॉक्टरीणबाई अजून परगावीच, त्या पाहुण्या डॉक्टरांनीच सोडले. बाकीचे रविवारनंतर वाढलेच नाहीत. लॅबच्या बाई माझ्याकडे न बघता बोलल्या. घाई असेल त्यांना.

हे सोमवारपासून गप्प आहेत. सोमवारी दवाखान्यात हत्यारं आणायला गेले होते, तिथून आले ते अंगावर पाणी घेतच राहिले. साबण संपवला. जेवले नाहीत. माझ्यापेक्षा यांनाच जास्त धास्ती बसलीय असं दिसतं. पुरुषांना बोलता येत नाही, एवढंच.

आता पंधरा दिवस वाट बघायची.

तुमची,
सुई


१४ फेब्रुवारी

सुई,

पत्र मिळालं. पडून राहा.

सहज एक विचारते. त्या पॅसेजला त्याने ऑइलपेंट दिला की पाण्याचा रंग? आणि लॅब त्या पॅसेजपासून किती लांब? इथल्या जिन्याला रंग द्यायचा आहे, मुली वर झोपतात, म्हणून विचारलं.

बाकी काही नाही. जास्त विचार करू नकोस.

वन्सं


२३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नाही राहिलं.

परवा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई परत आल्या होत्या, पण भेटल्या नाहीत. मॅनेजरनेच सांगितलं, टेबलाच्या पलीकडून. वय, म्हणाला. बीज जुनं होतं. तुमच्या यजमानांचा रिपोर्ट तर उत्तम आहे. यजमान शेजारी बसले होते. त्यांनी खुर्चीचे हात असे धरले होते की मला वाटलं आता तोडतात.

सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं, तरी कळलंच. कोणाकडून ते देव जाणे. म्हणाल्या, "माझ्या मुलात काही कमी नाही, हे मी पहिल्यापासून म्हणत होते." हे ताटावरून उठून गेले. मला वाटलं माझ्या बाजूने काही बोलतील. नाही बोलले. रात्री एवढंच म्हणाले, "आता बस. पुन्हा नाही. तुला आणखी सुया टोचून घ्यायच्या नाहीत." मी हो म्हटलं. बीजच जुनं तर मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?

दुकानात जाते. एका मुलीचा लहानपणीचा फ्रॉक मोठा करायला आलाय, शिवण उसवली की आत नव्यासारखा रंग निघतो. अशा वेळी मशीन सोडून जरा दारात उभी राहते.

तुम्ही विचारलं होतं. ऑइलपेंटच होता, दोन हात. लॅबचं दार त्याच पॅसेजमध्ये आहे, आत हवा ओढणारं यंत्रही तिथल्याच छतात. तुमच्या जिन्याला पाण्याचा देऊ नका, टिकत नाही, असं यांचं म्हणणं. म्हणजे पूर्वी असायचं. या वेळी विचारलं तर म्हणाले, "ताईला सांग, रंगच देऊ नको."

सुई


२ मार्च

सुई,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे आणि मला आज शब्द सापडत नाहीत, हे तू कोणाला सांगू नकोस.

तुझा काही दोष नाही. हे वाक्य पुन्हा वाच. लोक म्हणतील हे सांत्वन आहे. म्हणू देत. मॅनेजर हा डॉक्टर नसतो, आणि टेबलाच्या पलीकडून बोललेलं सगळंच खरं नसतं. आईला मी फोन केला होता. स्पीकर सुरू होता ते बरंच झालं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

रंगाचं विचारलं होतं ते सोडून दे. जिन्याचं काम रद्द झालं.

तुझ्या नवऱ्याशी भांडू नकोस. तो गप्प असला तरी भांडू नकोस.

वन्सं


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं जिन्याचं काम कधी नव्हतंच, हे मला आता कळलं.

परवा दुकानात लॅबच्या बाई आल्या. मोठी बॅग घेऊन, तिची चेन बसवायला. नोकरी सोडली, गाव सोडून चालल्यात. मी पावती लिहिताना त्यांनी मला ओळखलं आणि स्टुलावर बसल्या. आपणहून बोलायला लागल्या, पोटात मावत नसल्यासारख्या. म्हणाल्या, "तुम्हाला वय सांगितलं ना? सगळ्यांना तेच सांगितलं. तुमची बीजं चांगली होती. रविवारपर्यंत मी रोज बघत होते, सुरेख वाढत होते. मॅनेजरने कोणा रंगाऱ्याला घातलं, लॅबच्या तोंडाशी ऑइलपेंट, दारं-खिडक्या बंद करून. रविवारी सकाळी मी बशा बघून गेले तेव्हा भिंतींवर नुसती पुट्टी होती, वास नव्हता; त्याने डबा उघडला तो मी गेल्यावर. सोमवारी सकाळी येऊन बघते तर जवळजवळ सगळ्या बशांतली वाढ थांबलेली. त्या आठवड्यातल्या एकीचंही राहिलं नाही."

मी चेन बसवत होते. सुई बोटात गेली. त्यांना वाटलं त्यांच्या बोलण्याने. बरोबरच होतं, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नाही. तो रंगारी कोण हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. बॅग दिली, पैसे घेतले नाहीत.

तुम्हाला आधीच कळलं होतं. नेलपॉलिशवाल्या बाईंना न कळून कसं चालेल. मी रागावले नाही. आता मी स्वतः तेच करणार आहे, तेव्हा कुठल्या तोंडाने रागावू?

यांना मी सांगणार नाही, वन्सं. आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या माणसाने पोराला दिसावा म्हणून रंग निवडला, त्याला मी काय सांगू? की त्याच रंगाने? हे जन्मात पुन्हा ब्रश उचलणार नाहीत. कदाचित माझ्याकडेही बघणार नाहीत. सासूबाई मला बोलतात ते मी ऐकून घेईन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सवय होते.

एकच गोष्ट आत कुरतडते. त्या बाई जाताना म्हणाल्या, बीजं चांगली आहेत, पण वर्ष घालवू नका, दुसरीकडे लगेच करून बघा. म्हणजे आशा आहे. पण पुन्हा करायचं म्हटलं की हे विचारणार, बीज जुनं असताना कशाला? मग मला खरं सांगावं लागणार. मूल हवं तर यांना मोडावं लागेल. मी ठरवलंय. नको मूल.

तुम्ही यांना काही लिहू नका. शपथ आहे तुम्हाला.

सुई


१० एप्रिल

ती. ताईस,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. ट्रंकेवर तुझं नाव लिहिलं होतं तेवढंच माझं लिखाण. चुकलं माकलं समजून घे.

ही तुला पत्रं लिहिते हे मला ठाऊक आहे. दुकानातून येताना हिचा चेहरा वेगळा असतो. मी विचारत नाही. मला तुला वेगळंच सांगायचं आहे, आणि ते हिला कळता कामा नये.

पोर माझ्यामुळे गेलं. मी रंग दिला त्या पॅसेजला. सोमवारी सकाळी शिडी, डबे आणायला गेलो तर लॅबच्या मॅडम बाहेर येऊन ओरडल्या, कोणी सांगितलं इथे हे करायला, आत जीव आहेत, कळतं का? मी तोंडावर फडकं बांधलेलं, डोक्यावर टोपी. त्यांनी मला ओळखलं नाही. मला म्हणायचं होतं की आतले काही जीव माझेच आहेत. जीभ उचलली नाही. मॅनेजरकडे गेलो तर म्हणाला, त्या बाईला सवय आहे बोंबलायची, काही होत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. खिडक्या उघडल्या, पंखे लावले. घरी येऊन अंग घासत बसलो. बुधवारी ही आत गेली तेव्हा मी त्या पॅसेजमध्येच उभा होतो.

डॉक्टरीणबाईंनी तीन महिने मला जे टाळायला सांगितलं ते माझ्या अंगासाठी आहे असं मला वाटलं. माझं अंग मोकळं झालं तर वासही मोकळा झाला, असा माझा हिशेब. गाढवाचा हिशेब. वीस वर्षं रंगात काढली, बंद खोलीत वास कुठवर जातो हे मला नाही कळणार तर कोणाला?

ती स्वतःला दोष देते. आई तिला बोलते. मॅनेजर वय म्हणाला तेव्हा तिने मान खाली घातली, आणि मी शेजारी बसून ऐकलं. तेव्हा बोलायला हवं होतं. ती वेळ गेली. आता सांगितलं तर ती कोणत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघेल? पुन्हा करू असं मी म्हणूच शकत नाही, त्या जागी पाय टाकायची छाती नाही. म्हणून बस म्हटलं. तिला वाटतं तिच्या काळजीने म्हटलं.

तू मोठी आहेस. मला शिव्या घालायच्या तर घाल. पण तिला सांगू नकोस, शपथ आहे तुला.

तुझा,
रंगारी


१७ एप्रिल

तुम्हा दोघांस,

हे पत्र दुकानाच्याच पत्त्यावर पाठवते आहे. सुई, एकटी उघडलं असशील तर पुढचं वाचायच्या आधी दुकान बंद कर, त्याला बोलावून घे आणि मग वाच.

या आठवड्यात माझ्याकडे दोन पत्रं आली. दोन्हींत मला शपथ घातली आहे. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मधे वॉर्डन. चार दिवस मी दोघांचीही शपथ पाळली. पोरींवर उगाच खेकसले. एकीला नेलपॉलिशवरून असं बोलले की ती रडली, आणि नंतर मी माझ्या खोलीत तिच्यापेक्षा जास्त रडले.

मी फेब्रुवारीतच ओळखलं होतं. गप्प बसले, भाऊ म्हणून. माझ्या गप्प बसण्याने कोणाचं भलं झालं? सुईने दोन महिने बोलणी खाल्ली. आता तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळता सांभाळता जे हातात उरलंय तेही घालवणार. माझ्या डोळ्यांसमोर एकाच घरात दोन माणसं एकच धोंडा वेगवेगळा उचलून चालली आहेत, आणि मी पोस्टमनसारखी मधे उभी आहे. मला हे जमत नाही.

म्हणून दोन्ही पत्रं यासोबत ठेवली आहेत. त्याने तिचं वाचावं, तिने त्याचं. शपथ मोडली म्हणून मला काय व्हायचं ते होवो, माझ्यामागे रडणारं कोणी नाही.

आणि आणखी एक. त्या आठवड्यात तुम्ही एकटेच नव्हतात. ज्या बायकांना वय सांगून घरी पाठवलं, त्याही कोणाच्या तरी घरात मान खाली घालून बसल्या असतील. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता सगळंच सांगायचं म्हटल्यावर तेवढं लपवून काय उपयोग?

ताई / वन्सं


५ मे

प्रिय वन्सं,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. दुकान बंद केलं, यांना बोलावलं. हे माझं पत्र वाचत होते, मी यांचं. माझं आधी वाचून झालं. यांचं होईपर्यंत मी कात्रीला तेल देत बसले, कारण बघवत नव्हतं. वाचून झाल्यावर यांनी ते घडी करून मला परत दिलं आणि जमिनीवर बसले. मीही बसले. यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्यावर दोघांनाही राग आला होता. मग गेला.

दुसऱ्या दिवशी हे सासूबाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, होत नाही.

मग दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना वाढ थांबल्याचं माहीत होतं, रंगाचं मॅनेजरने त्यांना उशिरा सांगितलं होतं. उशिरा कळलं तरी त्या बोलल्या नव्हत्या. हे म्हणाले, त्या आठवड्यातल्या बायकांची नावं द्या. त्या म्हणाल्या, नावं देता येत नाहीत. नियम आहे. मग हे रोज काम सोडून तिथे जाऊन बसायला लागले, त्या पिवळ्या भिंतीपाशी, बाकावर. कोणी फाइल न्यायला आली की विचारायचे, फेब्रुवारीत तुमचं होतं का? वॉचमनने दोनदा बाहेर काढलं. हे पुन्हा जाऊन बसायचे. एक बाई शिव्या देऊन गेली. एकीचा नवरा अंगावर धावून आला, यांनी हात वर केला नाही. मी म्हटलं, पुरे आता. हे म्हणाले, अजून सगळ्या झाल्या नाहीत.

परवा मी सोबत होते. ती शिक्षिका आली. वह्या नव्हत्या हातात. यांनी उठून तिला सांगितलं. आता यांना पाठ झालंय, पण दर वेळी आवाज तसाच फुटतो. "रंग मी दिला होता. इथे वय सांगितलं ते खरं नाही. तुमचं काही चुकलेलं नव्हतं."

तिने हातातली पर्स बाकावर ठेवली. मग म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, माझं वय झालं, तू दुसरं लग्न कर. तो नको म्हणत होता. मीच मागे लागले. मी भावाकडे राहायला आले. नवऱ्याचं लग्न आता ठरलंय."

ती भिंतीजवळ गेली. तळहात टेकवला आणि उचलून बघितला, हाताला रंग लागतो का ते बघावं तसा. म्हणाली, "मी या रंगाचं कौतुक केलं होतं. आठवतं मला."

मग माझ्याशेजारी येऊन बसली, पूर्वीसारखी. विचारलं, "तुमचंही गेलं?" मी मान हलवली. "वय किती तुमचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला अजून वेळ आहे. दुसरीकडे करून घ्या. उशीर करू नका. करताय ना?"

मी हो म्हणाले, वन्सं. हे तिथेच उभे होते, त्यांनीही ऐकलं. पुढच्या महिन्यात आम्ही दुसरीकडे जाणार आहोत. पण हो म्हणताना मला तिच्याकडे बघता आलं नाही, मी भिंतीकडे बघत होते.

तुमची,
सुई